कर्तव्य आणि निवड : कातारीना विटची बर्फावरील कारकीर्द

जर्मन फिगर स्केटिंगपटू कातारीना विट हिने १९९४ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याच्या मूळ जर्मन शीर्षकाचा आशय ‘फ्लिश्ट आणि क्यूर यांच्यामधली माझी वर्षे’ असा आहे. या दोन शब्दांना मराठी पर्याय देणे वाटते तितके सोपे नाही. बर्फावरील या क्रीडेच्या परिभाषेत ‘फ्लिश्ट’ म्हणजे स्पर्धेतील अनिवार्य भाग, आणि ‘क्यूर’ म्हणजे स्पर्धकाने आपल्या पसंतीने बांधलेली मुक्तरचना. परंतु नित्याच्या जर्मन व्यवहारात ‘फ्लिश्ट’ याचा अर्थ कर्तव्य असा होतो आणि ‘क्यूर’च्या मुळाशी निवड करणे हे क्रियापद आहे. एका खेळाच्या या दोन संज्ञांमध्ये एका स्त्रीच्या आयुष्याचा आणि तिला घडविणाऱ्या, पुढे नकाशावरून पुसल्या गेलेल्या एका राज्याचा इतिहास सामावला आहे.

राज्यसंस्थेने पोसलेल्या कलावंताचा न्याय कसा करावयाचा, हा प्रश्न विसाव्या शतकाने साहित्याच्या अभ्यासकांपुढे वारंवार ठेवला. कवी, कादंबरीकार आणि संगीतकार यांच्या संदर्भात त्याची पुष्कळ चर्चा झाली आहे. खेळाडूच्या संदर्भात मात्र ती क्वचितच होते. कारण खेळाडूचे यश गुणांत आणि पदकांत मोजले जाते व मोजलेल्या गोष्टीला अर्थाची गरज नाही, असा आपला समज असतो. फिगर स्केटिंग हा खेळ या समजाला छेद देतो. तेथे उडी मोजली जाते, तसाच भावही जोखला जातो. संगीत, वेशभूषा आणि कथानक या सर्वांचा तेथे प्रवेश आहे. त्यामुळे कातारीना विटच्या कारकिर्दीचा विचार करताना साहित्यसमीक्षेची काही उपकरणे हाती घेणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम या खेळाच्या घडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. फिगर स्केटिंग या नावातील ‘फिगर’ म्हणजे आकृती. बुटाखालच्या पोलादी पात्याला दोन कडा असतात, एक आतली आणि एक बाहेरची. त्यांपैकी एका कडेवर संपूर्ण शरीराचा तोल सांभाळून बर्फावर इंग्रजी आठाची किंवा त्याच्याच अधिक गुंतागुंतीच्या प्रकारांची रेघ काढावयाची, आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जावयाचे, ही अनिवार्य आकृतींची परीक्षा होती. स्पर्धक बाजूला झाला की परीक्षक बर्फावर उतरत, वाकून त्या रेघा न्याहाळत आणि वर्तुळ कोठे चेपले, कड कोठे बदलली हे तपासत. या परीक्षेला संगीत नसे आणि प्रेक्षकही फारसे नसत.

आपल्या काव्यपरंपरेच्या भाषेत सांगावयाचे तर हा अक्षरगणवृत्तांचा अभ्यास होता, आणि मुक्तरचना हा त्यापुढचा मुक्तछंद. दीर्घकाळ एकूण गुणांपैकी निम्म्याहून अधिक गुण या आकृतींना असत. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शूबा मुक्तरचनेत सातवी येऊनही केवळ आकृतींवरील प्रभुत्वाच्या बळावर सुवर्णपदक जिंकून गेली. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला हा निकाल अनाकलनीय वाटला. १९७३ पासून ठरावीक घटकांची लघुरचना स्पर्धेत आली व आकृतींचे महत्त्व टप्प्याटप्प्याने घटविण्यात आले. कातारीनाच्या काळात आकृतींना तीस, लघुरचनेला वीस आणि मुक्तरचनेला पन्नास टक्के असे प्रमाण होते. १९९० नंतर अनिवार्य आकृती आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून नाहीशा झाल्या. वृत्तात लिहिणाऱ्या अखेरच्या पिढीची ती प्रतिनिधी आहे, हे तिच्याविषयी बोलताना सहसा विसरले जाते.

कातारीनाचा जन्म ३ डिसेंबर १९६५ रोजी बर्लिनच्या सीमेलगतच्या श्टाकेन येथे झाला. तिचे बालपण गेले ते मात्र कार्ल-मार्क्स-श्टाट या औद्योगिक शहरात. केम्निट्स या जुन्या शहराला पूर्व जर्मनीच्या राजवटीने मार्क्सचे नाव दिले होते. १९९० मध्ये ते शहर पुन्हा केम्निट्स झाले. जेमतेम पावणेदोन कोटी लोकसंख्येच्या या राज्याने जगात मान्यता मिळविण्यासाठी क्रीडाक्षेत्राची निवड केली होती. लहान मुलांमधून गुणी खेळाडू हेरावयाचे, त्यांना विशेष क्रीडाशाळांत दाखल करावयाचे आणि त्यांचा दिवस, आहार, अभ्यास व विश्रांती यांची शास्त्रशुद्ध आखणी करावयाची, अशी ही यंत्रणा होती. तिचे फळही तसेच मिळाले. १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या चिमुकल्या देशाने नऊ सुवर्णपदके जिंकून सोव्हिएत संघालाही मागे टाकले. याच यंत्रणेने कित्येक अल्पवयीन खेळाडूंना त्यांच्या नकळत उत्तेजक द्रव्ये दिली, हे राज्य कोसळल्यानंतर कागदोपत्री सिद्ध झाले. यशाच्या या प्रकरणाला ती काळी किनार आहे.

कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये कातारीनाला लाभलेल्या मार्गदर्शिका म्हणजे युट्टा म्युलर. आपली कन्या गाब्रिएले सायफर्ट हिला त्यांनी १९६९ आणि १९७० साली विश्वविजेती केले. आनेट प्योट्श त्यांच्या हाताखाली १९८० ची ऑलिंपिक विजेती झाली. म्युलरबाईंची शिस्त कठोर म्हणून ख्यात होती. परंतु केवळ कवायत शिकविणाऱ्या त्या नव्हत्या. प्रेक्षागृहातील शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांत पाहावयाला शिकविणे, हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. केशरचना, रंगभूषा, हाताच्या बोटांचा शेवट या सर्वांवर त्यांची नजर असे. समाजवादी राज्याच्या अत्यंत काटेकोर यंत्रणेत रंगमंचाचे हे भान जोपासले जावे, यात एक विरोधाभास आहे, आणि कातारीनाची कला या विरोधाभासातूनच उमलली.

१९८३ ते १९८८ अशी सलग सहा वर्षे ती युरोपीय विजेती होती. १९८२ मध्ये विश्वस्पर्धेत ती दुसरी आली. १९८४, १९८५, १९८७ आणि १९८८ या चार वर्षी तिने विश्वविजेतेपद पटकावले. १९८६ साली जिनिव्हा येथे अमेरिकेच्या डेबी थॉमसने तिला मागे टाकले होते. ही यादी येथवर पुरे. तिच्या कारकिर्दीचा अर्थ तीन ऑलिंपिक स्पर्धांमधून उलगडतो.

त्यांतील पहिली स्पर्धा १९८४ च्या फेब्रुवारीत सारायेव्हो येथे झाली. युगोस्लाव्हिया तेव्हा एकसंध होता आणि पूर्व व पश्चिम या दोन्ही गटांना आपला वाटावा असा देश होता. झेत्रा या नव्या क्रीडागृहात अठरा वर्षांची कातारीना अनिवार्य आकृतींत तिसरी आली, लघुरचना व मुक्तरचना या दोन्हींत पहिली आली आणि अमेरिकेच्या रोझलिन समनर्सला अत्यल्प फरकाने हरवून तिने सुवर्णपदक जिंकले. तिच्या कसरतींपेक्षाही प्रेक्षकांशी सहज संवाद साधणारी तिची मुद्रा लोकांच्या लक्षात राहिली. पोलादी चेहऱ्याचे खेळाडू पाठविणारा देश म्हणून पूर्व जर्मनी प्रसिद्ध होता. तेथून आलेली ही हसरी तरुणी पाश्चात्त्य वृत्तपत्रांना कोडे वाटली. पुढे ‘समाजवादाचा सर्वांत सुंदर चेहरा’ असे बिरुद तिला चिकटले. या बिरुदात कौतुक आहे, पण उपहासही आहे. चेहरा एका बाईचा, पण त्याची मालकी समाजवादाकडे, असे त्यातून सुचविले जाते.

दुसरी स्पर्धा १९८८ ची, कॅनडातील कॅल्गरीची. तेथे कातारीना विट आणि डेबी थॉमस या दोघींनीही, परस्परांच्या नकळत, मुक्तरचनेसाठी बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेराचे संगीत निवडले होते. प्रॉस्पर मेरिमेच्या १८४५ मधील कथेतून आलेली आणि १८७५ मध्ये बिझेने संगीतबद्ध केलेली ही नायिका आपल्या स्वातंत्र्याचा सौदा करावयास नकार देते आणि त्यापायी प्राण गमावते. दोन महासत्तांच्या गटांतील दोन तरुणी एकच व्यक्तिरेखा घेऊन बर्फावर उतरणार, या योगायोगाचे वृत्तपत्रांनी युद्धात रूपांतर केले. दोघींचे अर्थनिर्णयन मात्र भिन्न होते. वैद्यकशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या, स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या कृष्णवर्णीय थॉमसची कार्मेन अखेरीस जिवंत राहते. कातारीनाची कार्मेन मूळ कथेप्रमाणे मरते. रचनेच्या शेवटी ती बर्फावर कोसळून निश्चल पडते.

निकालाचा हिशोब उद्बोधक आहे. त्या काळी प्रत्येक भागातील क्रमांकाला ठरावीक गुणकाने गुणून बेरीज करीत आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता ठरे. आकृतींत तिसरी आणि लघुरचनेत पहिली आलेल्या कातारीनाची बेरीज २.२ होती, दोन्हींत दुसरी आलेल्या थॉमसची २.०. म्हणजे अखेरच्या रात्री थॉमस पुढे होती. परंतु रचनेच्या प्रारंभीच तिची जोडउडी बिघडली, तिचा धीर सुटला आणि मुक्तरचनेत ती चौथी आली. मुक्तरचनेत पहिली आली ती कॅनडाची एलिझाबेथ मॅन्ली. कातारीना दुसरी आली, आणि ४.२ या बेरजेने मॅन्लीच्या ४.६ ला मागे टाकून सुवर्णपदकाची मानकरी ठरली. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके मिळविणाऱ्या नॉर्वेच्या सोन्या हेनीनंतर ऑलिंपिक विजेतेपद राखणारी ती पहिलीच स्त्री होय.

या विजयावर आक्षेप घेतले गेले, आणि त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तिच्या कार्मेनमध्ये तांत्रिक अवघडपणा बेताचाच होता; मधल्या भागात तिने उड्यांऐवजी अभिनयाला वेळ दिला. त्याच स्पर्धेत जपानच्या मिदोरी इतोने सात तिहेरी उड्या घेतल्या, पण आकृतींत दहावी असल्यामुळे ती पाचव्या क्रमांकावर राहिली. खेळ ज्या दिशेने निघाला होता ती दिशा इतोची होती. तथापि कातारीनाने नियमांची पळवाट काढली नव्हती. त्या काळच्या नियमांना कडेवरची हुकमत, रचनेचा डौल आणि दडपणाखालचा तोल या तीन गोष्टी एकत्र हव्या होत्या, आणि त्या रात्री त्या तिच्याजवळ होत्या. विशेष म्हणजे तिच्या पिसांनी सजविलेल्या आखूड पोशाखावरून इतका गहजब झाला की स्त्री-स्पर्धकांच्या पोशाखाने कंबरेखालचा भाग झाकलेला असावा, असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने केला. लोक त्याला कातारीनाचाच नियम म्हणत. तो २००४ मध्ये रद्द झाला. स्वातंत्र्याचा दावा करणाऱ्या पश्चिमेलाही स्त्रीदेहाविषयी कर्तव्याची यादी हवी होती, याची ही नोंद आहे.

कॅल्गरीच्या विजयाबरोबर एक करार गुंतलेला होता. दुसरे सुवर्णपदक मिळाल्यास व्यावसायिक खेळांत भाग घेण्याची अनुज्ञा मिळेल, असे तिला सांगण्यात आले होते. ती अनुज्ञा मिळाली. मिळकतीतील मोठा वाटा अर्थातच राज्याकडे जाणार होता. ज्या देशाचे सामान्य नागरिक भिंत ओलांडू पाहताना गोळीला बळी पडत होते, त्या देशाची ही मुलगी पासपोर्ट घेऊन जगभर हिंडत होती. लोकांच्या मनात याविषयी काय साठत होते, हे तिला जून १९८८ मध्ये कळले. पूर्व बर्लिनमधील वाइसेनझे येथे कॅनडाचा गायक ब्रायन अ‍ॅडम्स याच्या कार्यक्रमाचे निवेदन करण्यासाठी ती मंचावर आली, तेव्हा श्रोत्यांतील तरुणांनी शिट्ट्या वाजवून तिचा धिक्कार केला. परदेशात टाळ्या घेणाऱ्या कलावतीला स्वदेशात मिळालेला हा पहिला प्रतिकूल अभिप्राय होता, आणि तो तिच्या कलेविषयी नव्हता.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत कोसळली, तेव्हा ती स्पेनमध्ये ‘कार्मेन ऑन आइस’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात होती. या चित्रपटातील कामगिरीबद्दल तिला ब्रायन बॉइटानो व ब्रायन ऑर्सर यांच्यासह अमेरिकेचा एमी पुरस्कार मिळाला. स्वातंत्र्यासाठी मरणाऱ्या नायिकेची भूमिका करीत असताना स्वदेशी स्वातंत्र्य आले, आणि ते आणणाऱ्या जमावात ती नव्हती. कादंबरीत हा प्रसंग आला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

जर्मनीच्या एकीकरणानंतर डिसेंबर १९९१ मध्ये श्टाझी या गुप्त पोलीसदलाच्या दप्तरांविषयीचा कायदा संमत झाला आणि १९९२ च्या प्रारंभापासून नागरिकांना आपापली दप्तरे वाचता येऊ लागली. कातारीनाचे दप्तर हजाराहून अधिक पानांचे निघाले. बालपणापासून तिच्यावर पाळत होती. मित्रमैत्रिणी, प्रवास, दूरध्वनी, इतकेच नव्हे तर शय्यागृहातील क्षणांच्याही वेळा त्यात टिपलेल्या होत्या. बर्फावरच्या रेघा वाकून तपासणाऱ्या परीक्षकांप्रमाणे कोणी आपले सारे आयुष्य न्याहाळत होते, हे तिला सत्तावीस वर्षांची होण्याच्या सुमारास कळले. मात्र परीक्षकांसमोर स्पर्धक स्वेच्छेने उभा राहतो. या परीक्षकांची तिला ओळखही नव्हती.

या दप्तराला दुसरीही बाजू होती. मोटार, घर आणि परदेशप्रवास या सवलतींच्या नोंदीही त्यात होत्या. दप्तराचा काही भाग वृत्तपत्रांना देण्यास विरोध करण्यासाठी तिने २००१ साली न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे तिने हा आग्रह सोडला. ती पीडित की लाभार्थी, असा वाद माजला. या वादात एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड झाली. संबंधित कायदा पाळतीचे बळी, श्टाझीचे सहकारी, लाभार्थी आणि त्रयस्थ अशा वर्गांची व्याख्या करतो. परंतु कोणती व्यक्ती कोणत्या वर्गात मोडते हे त्या व्यक्तीविषयी एकदाच न ठरविता दप्तरातील प्रत्येक माहितीपुरते स्वतंत्रपणे ठरवावे, असेही तो सांगतो. एका पानावर माणूस बळी असू शकतो आणि दुसऱ्या पानावर लाभार्थी. विधिज्ञांनी प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद चरित्रवाचनाचे उत्तम सूत्र आहे. एखाद्या लेखकाच्या राजकीय भूमिकेवरून त्याच्या समग्र साहित्याला एकच शिक्का मारण्याची जी घाई समीक्षक करतात, त्यांनीही हे कलम वाचावे.

तिसरी ऑलिंपिक स्पर्धा १९९४ ची, नॉर्वेतील लिलेहामरची. व्यावसायिक खेळाडूंना परतण्याची मुभा नियमांत झाली होती आणि अठ्ठावीस वर्षांची कातारीना, आता एकीकृत जर्मनीच्या वतीने, पुन्हा स्पर्धेत उतरली. अनिवार्य आकृती संपल्या होत्या. तिच्याहून किती तरी लहान मुली तिच्याहून अवघड उड्या घेत होत्या. पदकाची आशा तिला नव्हती. सारायेव्हो शहर १९९२ च्या एप्रिलपासून वेढ्यात सापडले होते. झेत्रा क्रीडागृह तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त झाले होते. त्याच्या परिसरात मृतांना पुरले जात होते, आणि तेथल्या लाकडी आसनांच्या फळ्या शवपेट्यांसाठी वापरल्या गेल्याच्या बातम्या येत होत्या. लिलेहामरच्या उद्घाटनापूर्वी अवघा एक आठवडा, ५ फेब्रुवारी १९९४ रोजी, सारायेव्होच्या मार्काले बाजारात तोफगोळा पडून ६८ माणसे ठार झाली.

कातारीनाने आपली मुक्तरचना त्या शहराला अर्पण केली. त्यासाठी तिने निवडलेले गीत अमेरिकन लोकगायक पीट सीगर याचे होते. फुले, तरुणी, सैनिक आणि थडगी यांची साखळी गुंफणाऱ्या या गीताची मूळ प्रेरणा शोलोखॉव्हच्या डॉन नदीवरील कादंबरीत उल्लेखिलेल्या कोझॅक लोकगीतात आहे. जर्मन श्रोत्यांना ते मार्लेन डीट्रिशच्या आवाजात परिचित होते. हिटलरच्या राजवटीला नकार देऊन अमेरिकेची नागरिक झालेली ही बर्लिनची अभिनेत्री नुकतीच, १९९२ मध्ये, निवर्तली होती. रशियन कादंबरी, अमेरिकन गायक, निर्वासित जर्मन गायिका आणि बोस्नियातील शहर असे चार इतिहास या चार मिनिटांच्या रचनेत एकत्र आले. त्या काळच्या नियमांनुसार स्पर्धेच्या संगीतात शब्द वर्ज्य होते. म्हणून केवळ सूर वाजले आणि शब्द प्रेक्षकांनी मनात म्हटले.

कातारीना सातवी आली. सुवर्णपदक युक्रेनच्या सोळा वर्षांच्या ओक्साना बायुलला मिळाले. गुणतक्त्याच्या दृष्टीने ही कातारीनाची सर्वांत दुबळी ऑलिंपिक स्पर्धा होय. परंतु कार्मेनमध्ये तिने उसन्या नायिकेचे मरण अभिनित केले होते. लिलेहामरमध्ये तिने स्वतःच्या विजयभूमीचे मरण आठवले. दोन्ही रचनांतील हातवारे आणि गिरक्या शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक ध्यानात येतो. पहिलीत प्रेक्षकाला जिंकण्याची ओढ प्रत्येक थांब्यात आहे. दुसरीत ती ओसरली आहे आणि शोक मांडण्याची गरज तिच्या जागी आली आहे. ‘क्यूर’ हा शब्द तिच्या बाबतीत प्रथमच त्याच्या पुऱ्या अर्थाने खरा ठरला. असे असले तरी हेही सांगितले पाहिजे की हा शोक व्यक्त करण्याचे सामर्थ्य तिला त्याच अनिवार्य अभ्यासाने दिले होते. संथ गतीत एका कडेवर दीर्घकाळ तरंगत राहणे हे उडीपेक्षा अवघड असते, आणि ते आकृती गिरविल्याशिवाय साधत नाही.

येथून मागे पाहता या कारकिर्दीविषयी काही निष्कर्ष संभवतात. राज्याने तिला घडविले, हे खरे. राज्याने तिला वापरले आणि तिच्यावर पाळत ठेवली, हेही खरे. तिने त्या राज्याविरुद्ध आवाज उठविला नाही, आणि त्याच्याकडून मिळालेल्या संधींविषयी कृतज्ञता पुढेही लपविली नाही. ज्यांना संधी मिळाली नाही, ज्यांची शरीरे त्या यंत्रणेने बिघडविली, त्यांना ही कृतज्ञता बोचणे स्वाभाविक होते आणि त्यांचा तो हक्कही होता. त्यांचे दुःख तिच्या कलेच्या सौंदर्याने भरून निघत नाही. उलटपक्षी, त्या दुःखामुळे तिच्या कार्मेनचे किंवा सारायेव्होच्या शोकरचनेचे मूल्य शून्य होते, असेही नव्हे. ही दोन विधाने एकमेकांना रद्द न करता शेजारी ठेवणे, हेच अशा चरित्राच्या वाचकाचे कर्तव्य आहे.

युट्टा म्युलर नोव्हेंबर २०२३ मध्ये, पंचाण्णव वर्षांच्या होण्यास थोडे दिवस उरले असता, निधन पावल्या. झेत्रा क्रीडागृह पुन्हा उभारण्यात आले आणि १९९९ मध्ये ते उघडले. त्याच्या शेजारी युद्धातील मृतांची पांढऱ्या स्मृतिशिलांची दफनभूमी पसरलेली आहे. कातारीना विटने अठराव्या वर्षी जेथे सुवर्णपदक स्वीकारले, ते ठिकाण आज पाहणाऱ्याला क्रीडागृह आणि दफनभूमी ही दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात दिसतात.